पेंडीच्या ढिगात रुतलेलं घमेलं

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी घमेलं आहे. ऐकून नाक मुरडलंत ना? मुरडा, मला सवय आहे. घमेल्याला कसलं आलंय जीवनचरित्र, असंच तुम्हाला वाटत असणार. पण आमच्या गोठ्यातल्या गायी आज जिवंत आहेत, आणि त्या कशा वाचल्या हे माझ्याइतकं जवळून कुणीच पाहिलेलं नाही. मी त्या ढिगाच्या आतच होतो. तेव्हा जरा टेका आणि ऐका.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. सपाट पत्रा म्हणून आत गेलो, यंत्राचा एक दणका बसला आणि पोट खोल झालं, दुसरा बसला आणि काठ वळला. पुढची काही वर्षं मी इमारतींच्या कामावर काढली. वाळू, खडी, कालवलेलं सिमेंट, काय म्हणाल ते मी वाहिलं. संध्याकाळी मला धुवायचं कुणाच्या लक्षात राहत नसे. सिमेंट पोटातच वाळायचं आणि सकाळी हातोडीने ठोकून ठोकून ते काढायचे. शेवटी इमारत उभी राहिली, लोक मान वर करकरून तिच्याकडे बघायला लागले आणि मला भंगारात टाकून दिलं. माणसांची तऱ्हाच तशी. तेव्हाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

भंगाराच्या दुकानात एक म्हातारेबुवा गोठ्यासाठी पाइप शोधायला आले होते. त्यांनी मला उचललं, बोटाच्या पेराने टकटक वाजवलं आणि म्हणाले, "आवाज खणखणीत आहे याचा." त्यांना ऐकू कमी येत असे, हे मला नंतर कळलं. पण त्या वेळी मला फार बरं वाटलं. त्यांच्या दोन्ही सुना त्यांना मामंजी म्हणत, म्हणून मीही त्यांना मामंजीच म्हणतो.

मामंजींचा गोठा लांबट होता. वर पत्रे, खाली सिमेंटची जमीन, मधून पाणी वाहून जायला नाली आणि भिंतीच्या कडेने गव्हाणी. गोठ्याच्या टोकाला पेंडीची खोली होती आणि तिथे माझा मुक्काम. खोली आणि गोठा यांच्यामध्ये जाड फळ्यांची आडभिंत होती. वर माळा होता आणि त्यावर वाळलेलं गवत ठासून भरलेलं असे. खोलीला दोन दारं, एक गोठ्यात उघडणारं, दुसरं अंगणात. हे नीट लक्षात ठेवा. या फळ्यांपाशीच पुढे माझा जीव टांगणीला लागला.

मामंजींचे दोघे मुलगे दुधाच्या गाडीवर असत. सकाळची धार झाली की गाडी निघे, दुपारी परत येई, खाऊन पुन्हा निघे. त्यामुळे गोठा खरा सांभाळत होत्या त्या दोघी जावा. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो.

थोरली या घरात आली तेव्हा गोठ्यात दोनच गायी होत्या म्हणे. बाकीच्या सगळ्या तिच्या हातावर वाढल्या. ती गायींना रागवायची, लाडाने शिव्या द्यायची, त्यांच्या कपाळावर कपाळ टेकून उभी राहायची. तिचा शब्द गोठ्यात शेवटचा. हात मोठे, आवाज त्याहून मोठा, आणि चुकले म्हणायची सवय अजिबात नाही.

धाकटी माहेराहून आली ती एक वेगळंच शहाणपण घेऊन. तिच्या वडिलांची पामतेलाची गिरणी होती. मित्रांनो, पामची फळं तुम्ही पाहिली नसतील तर सांगतो. लालभडक, बोराएवढी, घडाने लागतात. वरच्या गरातून तेल निघतं. आत टणक कवचाची बी असते. ती फोडली की आतला पांढरा गाभा मिळतो आणि तो दाबला की आणखी वेगळं तेल निघतं. सगळं तेल काढून झाल्यावर जो तपकिरी, भरड चुरा उरतो, ती पामची पेंड. धाकटीच्या माहेरी या पेंडीचे ढीग लागत आणि लांबलांबचे गोठेवाले ती घेऊन जात.

धाकटीने लग्नानंतर काही महिन्यांनी हा विषय काढला. त्या वर्षी नेहमीची पेंड मिळेनाशी झाली होती आणि गायी रोडावत चालल्या होत्या. "जाऊबाई, आमच्याकडची पेंड घालून बघूया का?" तिने भीत भीत विचारलं. पहिलं पोतं आलं. थोरलीने मूठभर पेंड हातावर घेतली, बोटांनी चोळली आणि त्यात कवचाचे तुकडे लागल्याबरोबर ती कडाडली, "ही पेंड आहे की रस्त्यावरची खडी? माझ्या गायींच्या तोंडात घालू ही?"

गायींनीही तिचीच बाजू घेतली. माझ्यातून पहिली घमेलंभर पेंड गव्हाणीत पडली तेव्हा शिंगमोडी नावाच्या गायीने त्यात नाक घातलं आणि असा फुत्कार टाकला की सगळा चुरा धाकटीच्या तोंडावर उडाला. शिंगमोडी थोरलीची सगळ्यात लाडकी. लहानपणी पडून तिचं एक शिंग मोडलं होतं, तेव्हापासून ती स्वतःला गोठ्याची मालकीणच समजत असे. थोरली पोट धरून हसली. "बघा, तिलासुद्धा कळतं!"

पण धाकटी चिवट होती. तिने पेंड चाळली आणि कवचाचे तुकडे वेगळे काढले. मग नेहमीच्या कोंड्यात एक मूठ पेंड, वर थोडी उसाची मळी आणि पाण्याचा शिपका. काही दिवसांनी दोन मुठी. आणखी काही दिवसांनी ओंजळभर. घाई म्हणून केली नाही. मी तिच्या कमरेवर बसून गव्हाणीगव्हाणीतून फिरत होतो, आणि खरं सांगू का, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते. ती रोज संध्याकाळी मला धुवून पालथं घालत असे. आधी कुणी मला धुतलं होतं का?

हळूहळू गायींना चव लागली. मग तर असं झालं की मी दारात दिसलो की माना वळायच्या आणि साखळ्या वाजायच्या. शिंगमोडी माझा तळ चाटून चाटून लख्ख करू लागली. गायी अंगाने भरल्या. दुधाची फॅट वाढली. एक दिवस थोरलीने स्वतः चाळणी हातात घेतली आणि धाकटीच्या शेजारी बसून पेंड चाळायला लागली. मला वाटलं, झालं, आता सगळं छान चालणार. घमेल्याची अक्कल ती केवढी!

एकदा दूधकेंद्राचे डॉक्टर गायी तपासायला आले. त्यांनी गायी पाहिल्या, माझ्यातली पेंड पाहिली आणि खूष होऊन विचारलं, "ही कुणाची कल्पना हो?" थोरली पुढे होती. तिने पदराने कपाळ पुसलं आणि सहज म्हणाली, "मीच केलं सुरू. आधी खात नव्हत्या, मग लावली सवय." धाकटी वासरांची बादली घेऊन मागेच उभी होती. तिच्या हातातली बादली खाली आपटली आणि दूध नालीत वाहून गेलं.

डॉक्टर गेल्यावर दोघींचं जे भांडण झालं ते मी पेंडीच्या खोलीतून ऐकलं. धाकटी म्हणाली, "तुमची कल्पना ना? मग सांभाळा तुमची तुम्हीच. मी त्या खोलीत पाऊल ठेवणार नाही." थोरली म्हणाली, "तुझ्या पावलावाचून अडलंय कुणाचं?" बस्स. त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं. धाकटीने वासरं आणि धार एवढंच आपल्याकडे ठेवलं, आणि पेंड, गव्हाणी आणि मी थोरलीच्या वाट्याला आलो.

अबोला असा की विचारू नका. काही सांगायचं झालं तर ते मामंजींमार्फत. "मामंजी, त्यांना सांगा, पाण्याचा नळ गळतोय." मामंजी म्हणायचे, "काय? मळमळतंय? कुणाला?" किंवा मग गायींमार्फत. थोरली गायीच्या पाठीवर हात ठेवून मोठ्याने म्हणायची, "काय गं बाई, कुणाला बादल्या नीट विसळायला होत नाही वाटतं?" आणि पलीकडून धाकटी वासराला सांगायची, "बाळा, कुणाकुणाला नुसतं बोलायलाच येतं हो." ऐकून हसू यायचं. पण आतून मला काळजी वाटायची. पेंडीबद्दल जे जे कळायचं ते सगळं धाकटीला, आणि तीच आता दाराबाहेर.

आणि मग तो मोठा ढीग आला.

या वेळी पोती नव्हती. थोरलीने गिरणीतून एक छोटा ट्रक भरून सुटी पेंड मागवली. नुकतीच दाबून निघालेली, अजून कोमट. वाटेत ताडपत्री एका कोपऱ्यात फाटली होती, तिथून पाणी शिरून एका बाजूची पेंड ओली झाली होती. थोरलीने ती पाहिली आणि म्हणाली, "वाळेल आपोआप." ओली बाजू फळ्यांच्या भिंतीकडे गेली. उंदीर शिरू नयेत, दमट हवा लागू नये म्हणून तिने ढीग पायांनी दाबला, वर प्लास्टिकचे कागद घातले, कडेने विटा ठेवल्या आणि खिडकी लावून घेतली. घरातलं धान्य ठेवायची तिची रीत होती ती. तिने काही वाईट मनाने केलं नाही, उलट जिवापाड जपूनच केलं.

काही दिवसांनी तिने मला ढिगात खुपसलं, तेव्हा माझ्या काठाला ऊब लागली. मी दचकलो. पेंड बाहेर गार आणि आत गरम का असावी? पण थोरली खूष झाली. तिने आत हात घातला आणि स्वतःशीच म्हणाली, "अगंबाई, कशी छान ऊब धरलीय!" शिंगमोडी तेव्हा व्यायला टेकली होती. अशा गायीला कोमट आंबोण द्यायचं असतं, म्हणजे पेंड आणि कोंडा कोमट पाण्यात भिजवून. थोरलीला वाटलं, आयतंच झालं. पाणी तापवायला नको, भिजवत बसायला नको. ढिगाच्या मधली गरम पेंड काढायची आणि शिंगमोडीसमोर ठेवायची.

दिवसेंदिवस ऊब वाढत गेली. आधी हाताला बरी वाटायची, मग थोरली हात पटकन बाहेर काढू लागली. पेंडीला भाजल्यासारखा वास यायला लागला. थोरलीला तोही आवडला. "काय खमंग वास सुटलाय," असं ती शिंगमोडीला म्हणायची. सकाळी कागद उचलला की वाफ निघायची. ओल्या बाजूला पेंडीचे गोळे झाले होते, ते तिने फोडून पुन्हा आत ढकलले. मामंजींचं नाक कायमचं सर्दीने भरलेलं. दोघे भाऊ या खोलीत येत नसत. आणि धाकटी पलीकडच्या टोकाला, वासरांपाशी.

मी मात्र रोज त्या ढिगात जात होतो आणि रोज आणखी तापून बाहेर येत होतो. मला ओरडावंसं वाटायचं. अगं बाई, ही ऊब बरी नाही! ढीग आतून धुमसतोय! पण मी पडलो लोखंड. थोरली मला फडक्याने धरायला लागली आणि तेवढ्यावर तिने भागवलं. फळ्यांपलीकडे गायींचे श्वास मला ऐकू यायचे आणि माळ्यावरच्या गवतातून कुसळं माझ्या पोटात पडायची. मित्रांनो, ते दिवस मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक.

शिंगमोडी व्यायली. कालवड झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ दूध घेऊन गेले आणि थोरलीने मला नेहमीसारखं ढिगात खोल रुतवलं. तेवढ्यात गोठ्यातून धप्पकन आवाज आला. शिंगमोडी खाली बसली होती, मान पोटाकडे वळवून, कान गार. थोरली मला तिथेच सोडून धावली. व्यायल्यानंतर काही गायींच्या अंगातली ताकद एकदम जाते, तसंच तिचं झालं होतं. थोरलीने मामंजींना डॉक्टरांना फोन करायला लावला आणि ती शिंगमोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. जागा कुठली, तर फळ्यांच्या भिंतीला लागून.

इकडे मी ढिगात रुतलेला. भाजत होतो असं म्हणालो तर ते खोटं नाही. माझ्या तळाचा रंग बदलायला लागला होता.

गव्हाणीच्या वेळेला गायी हंबरायला लागल्या. धाकटीचा आवाज आला, "मामंजी, त्यांना विचारा, आज पेंड कोण घालणार?"

"काय?"

"पेंड, पेंड!"

थोरलीने तिकडे न बघता उत्तर दिलं, "मामंजी, सांगा त्यांना, कुणाचे हात मोकळे असतील तर घालावी. माझ्या मांडीवर जीव अडकलाय."

दार उघडलं. कित्येक आठवड्यांनी धाकटी माझ्या खोलीत आली. उंबऱ्यावरच ती थबकली आणि तिने नाक वर केलं. मग ती झपाझप ढिगापाशी आली, कागद बाजूला सारला आणि उघड्या हाताने माझा काठ धरला.

चर्र झालं! तिच्या तळहाताची कातडी माझ्या काठाला चिकटली. ती किंचाळली आणि मागे कोलमडली. ज्या हाताने मला रोज धुतलं, त्याच हाताला मी चटका दिला. मला लाज वाटली, मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. आणि तरीही, खरं सांगतो, मनात म्हणालो, कळू दे, आता तरी कळू दे.

तिला कळलं. तिने तळहात तोंडाशी धरला, कोपऱ्यातली सळई उचलली आणि भिंतीच्या बाजूने ढिगात खोल खुपसली. गिरणीत तिचे वडील रोज असंच करत. थोड्या वेळाने सळई बाहेर काढून ती पदराने धरायला गेली, तर पदरालाच डाग पडला. सळईच्या टोकाला काळा कोळसा लागला होता. ढीग एकदम उपसला तर आत हवा जाईल आणि भडका उडेल, हेही तिला माहीत होतं. तिने कागद पुन्हा जागेवर ओढला, दार लोटलं आणि ती गोठ्यात धावली.

"मामंजी!" ती ओरडली. "त्यांना सांगा, त्यांना सांगा की..."

"काय गं? काय सांगू?"

"पेंड आतून पेटलीय!"

"कोण भेटलंय?"

कागदाखाली मला काही दिसत नव्हतं, पण आवाज सगळे येत होते आणि उरलेलं मला नंतर दोघींच्या बोलण्यातून कळलं. मग इतक्या दिवसांचा अबोला तिने एका हाकेत तोडला.

"जाऊबाई! गायी सोडा! ढीग आतून पेटलाय!"

थोरलीने मान वर केली. "आज बरं बोलायला सुचलं गं तुला! पेटायला काय झालंय? मीच रोज हात घालते त्यात, जरा ऊब..." ती मधेच थांबली. धाकटीने तिच्यासमोर आपला तळहात धरला होता. तो लालबुंद झाला होता आणि मधून कातडी सोलून निघाली होती.

थोरलीने तो हात पाहिला. मग तिने वर पाहिलं. शिंगमोडीच्या पाठीमागच्या दोन फळ्यांच्या फटीतून धुराची बारीक रेघ वर चढत होती, सरळ माळ्यावरच्या गवताकडे.

"देवा रे!" एवढंच ती म्हणाली.

मित्रांनो, गायी माणसासारख्या पळत नाहीत. साखळ्या काढल्या तरी त्या जागच्या हलेनात. ही त्यांच्या खाण्याची वेळ, त्या गव्हाणीतच तोंडं घालून उभ्या. थोरली एकीला ढकलत होती, दुसरी पुन्हा आत येत होती. धाकटीने कोंड्याची बादली उचलली, ती खडखड वाजवत अंगणात धावली आणि "या, या, या" अशी हाक मारत राहिली. ती हाक वासरांना माहीत होती, पण गायींच्याही कानात ती लहानपणापासून बसलेली. एक म्हातारी गाय वळली, तिच्यामागे दुसरी, मग सगळी रांग आणि मागोमाग वासरं. मामंजी काठी आडवी धरून फाटकात उभे राहिले आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर बंबवाल्यांना पत्ता ओरडून सांगत होते. पलीकडचं काही त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून ते तोच पत्ता पुन्हा पुन्हा सांगत होते.

गोठा रिकामा झाला. राहिली एक शिंगमोडी. तिला उठताच येत नव्हतं.

"जाऊबाई, चला बाहेर."

"मी नाही येत. हिला टाकून मी नाही येत." थोरली रडत होती. ती रडलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "तू जा. तू पोर आहेस अजून, जा तू."

धाकटी गेली नाही. तिने वर चढणारा धूर पाहिला, अंगणाचं दार पाहिलं, नळ पाहिला. "मग ढीगच बाहेर काढूया," ती म्हणाली. "नळी तुम्ही धरा. मी सांगेन तिथेच पाणी मारा. भिंतीकडची बाजू आधी."

आणि थोरलीने, जिचा शब्द गोठ्यात शेवटचा, मुकाट्याने नळी उचलली.

त्यांनी अंगणाचं दार सताड उघडलं. धाकटीने ओलं पोतं हाताला गुंडाळून मला ओढून काढलं. मग सुरू झालं. ती मला खुपसायची, भरायची, अंगणात नेऊन पसरायची आणि परत यायची. पेंड आधी तपकिरी, मग काळी, मग धुमसणारी. थोरली पाणी मारत होती आणि वाफेने दोघींना एकमेकी दिसत नव्हत्या. "कुठे आहेस गं?" "इथेच आहे, मारा पाणी!" एकदा मी आत गेलो आणि ढिगाचा गाभा उघडा पडला. त्यातून ज्वाळा उठली आणि थेट फळीला लागली. थोरलीने नळी सोडून अख्खी बादली फेकली. ज्वाळा बसली. पुन्हा उठली. पुन्हा पाणी. माझा तळ फिकट लाल झाला होता आणि वर पाणी पडलं की मी तडतडत होतो. धाकटी मला सोडत नव्हती. मीही धरून होतो, मित्रांनो. सिमेंट वाहिलं, खडी वाहिली, पण एवढं जीव तोडून मी कधी काही वाहिलं नव्हतं.

माझ्या तळाला तडा गेला तो त्याच वेळी. भरलेली पेंड खालून गळायला लागली. धाकटीने मला टाकलं आणि ती हातांनीच ओढायला लागली. तेवढ्यात दुधाची गाडी फाटकात आली आणि दोघे भाऊ फावडी घेऊन धावले. मग बंब आला. बंबवाल्यांनी उरलेला ढीग चिखल होईपर्यंत भिजवला आणि माळ्यावरचं गवत खाली ओढून काढलं. दोन फळ्या काळ्या पडल्या होत्या. त्यापलीकडे आग गेली नव्हती.

डॉक्टर आले तेव्हा शिंगमोडी अजून भिंतीपाशीच होती, धुराने डोळे गळत होते. डॉक्टरांनी तिच्या शिरेतून औषधाची बाटली लावली. बाटली संपत आली तशी तिने कान हलवला. मग मान सरळ केली. मग मागचे पाय रोवले, डुलली, आणि उभी राहिली. आपल्या कालवडीला शोधत ती अंगणात गेली, वाटेत मला नाकाने ढकलून.

डॉक्टर बाहेर आल्यावर पसरलेल्या काळ्या पेंडीकडे बघून म्हणाले, "वेळेवर कळलं म्हणून बरं. कुणाच्या लक्षात आलं?"

थोरली भिजलेली, काळवंडलेली, पायरीवर बसली होती. "हिच्या," ती म्हणाली. "आणि पेंड घालायची कल्पनाही हिचीच. त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं."

डॉक्टर गेले. मी अंगणात दोघी जावांच्या पायाशीच पडलो होतो. थोरलीने धाकटीचा हात मांडीवर घेतला आणि त्यावर गार पाणी सोडत बसली. मग थोरली म्हणाली, "मला रोज ऊब लागत होती गं. रोज वाढत होती. मला वाटलं, चांगलीच आहे."

"मला विचारायचं ना, जाऊबाई. मी एकदा हात घालून लगेच सांगितलं असतं."

"कसं विचारणार?" थोरली म्हणाली. "आपण बोलत कुठे होतो?"

धाकटीने मान खाली घातली. "आणि मीही त्या वासाकडे एकदा तरी येऊन बघायला हवं होतं. वाऱ्यावर येत होता तो. मला वाटलं, त्यांची पेंड, त्यांचं त्या बघतील."

मित्रांनो, आता पेंड थोडी थोडी येते. आल्यावर पातळ पसरून गार करतात, ओली बाजू वेगळी काढतात, खिडकी उघडी ठेवतात. रोज सकाळी दोघी जावा येऊन ढिगात सळई खुपसतात, एक ती धरून बघते आणि दुसरी विचारते, "कशी आहे?" मी आता कामाचा राहिलो नाही. नवीन घमेलं आलंय, चकचकीत. त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला भंगारात द्यायला थोरलीने कुणाला हात लावू दिला नाही, एवढंच सांगतो.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या घरीही कधी तरी कुणी कुणाशी बोलेनासं होईल. कदाचित तुम्हीही त्यात ओढले जाल. तेव्हा खुशाल रुसा, पाठ फिरवून बसा. पण काही जळल्याचा वास आला, कुठे नको तिथे ऊब लागली, तर तेवढं तरी एकमेकांना सांगा. मला सांगता येत नव्हतं, म्हणून मला त्या पोरीचा हात भाजावा लागला. तुम्हाला तर तोंड आहे.